थोरल्यांच्या पायाखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. मला कुलूप नाही, किल्ली नाही, झाकणही नाही. सहाही बाजूंनी बंद. आत ठेवण्यासारखं माझ्याकडे कधी काही नव्हतं आणि कोणी काही ठेवलंही नाही. तरी आज तोंड उघडतो आहे, कारण गप्प राहून माझं काही भलं झालं नाही आणि ज्यांनी मला घडवलं त्यांचं तर वाटोळं झालं.

मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांना एकदा विचारून बघा. हिंदी सिनेमातले ते दोन दिग्गज नट एकाच चित्रपटात एकमेकांसमोर उभे राहिले होते, तो शेवटचा प्रसंग आठवतो का? आठवणारच. डोळ्यांत पाणी आणून सांगतील. मग हळूच विचारा, त्यात खोका दिसला होता का? ते तुम्हाला वेड्यात काढतील. पण त्या प्रसंगात मी होतो. पडद्याची चौकट जिथे संपते त्याच्या खाली, थोरल्यांच्या पायाखाली.

त्यांची खरी नावं मी घेत नाही. स्टुडिओत एकाला सगळे 'थोरले' म्हणायचे आणि दुसऱ्याला 'धाकटे'. नात्याने कोणी कोणाचं लागत नव्हतं. एक आधी आले, दुसरे मागून आले, एवढंच. थोरल्यांनी नुसती मान वळवली तरी थिएटरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता व्हायची. धाकटे ताडमाड उंच, आवाज खर्जातला, आणि त्यांचा सिनेमा लागला की तिकीट खिडकीच्या काचा फुटायच्या. दोघांनाही वाटायचं की पहिला नंबर आपला. आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं.

अडचण एकच होती. थोरले बुटके होते.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कोणी ती उच्चारत नव्हतं. एरवी निभावून जायचं. नायिका सपाट चपला घालायच्या, खलनायक खुर्चीत बसून धमक्या द्यायचे. पण या सिनेमात दोघे वकील होते. थोरले गुरू, धाकटे त्यांचा शिष्य, आणि शिष्य गुरूविरुद्ध खटला लढवतो अशी कथा. आता वकील बसून कसे भांडणार? समोरासमोर उभं राहावंच लागणार होतं. धाकट्यांच्या माणसांनी अट घातली की दोघांचे चेहरे पडद्यावर बरोबरीने दिसले पाहिजेत. थोरल्यांच्या माणसांनी अट घातली की थोरले कोणाकडेही मान वर करून बोलणार नाहीत. दिग्दर्शक दोन्हीला हो म्हणाले आणि तिथून तडक आमच्या शेडमध्ये आले.

आमची शेड म्हणजे स्टुडिओच्या मागची पत्र्याची सुतारकामाची शेड. मी तेव्हा खोका नव्हतो, जिना होतो. कुठल्याशा महालाच्या सेटवरचा दिमाखदार जिना. पडद्यावर तो थेट राणीच्या खोलीत जायचा. प्रत्यक्षात वर गेलं की काहीच नव्हतं, एक लाकडी बल्ली आणि एक पंखा. सेट मोडला आणि आमच्या फळ्या शेडच्या कोपऱ्यात येऊन पडल्या. तिथे मिस्त्री काम करायचे. कानावर पेन्सिल, तोंडात खिळे. तोंडात खिळे असल्यामुळे ते कमी बोलायचे आणि लोकांना वाटायचं, काय शांत स्वभावाचा माणूस आहे.

दिग्दर्शकांनी आधी मागे वळून कोणी येत नाही ना ते पाहिलं. "मिस्त्री, एक काम होतं. थोरले आणि धाकटे एका रेषेत यायला हवेत. डोळ्याला डोळा. कळलं ना मला काय म्हणायचंय?"

मिस्त्रींनी तोंडातले खिळे हातावर काढले. "खोका हवाय म्हणा की सरळ."

"शू! तो शब्दसुद्धा नको."

थोरल्यांना उंची विचारायची कोणाची छाती नव्हती. मिस्त्री काहीतरी दुरुस्त करायच्या निमित्ताने मेकअपच्या खोलीशी गेले. थोरले दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होते. त्यांचे डोळे कुठल्या बिजागरीशी येतात ते मिस्त्रींनी बघून ठेवलं. धाकट्यांसाठीही तीच चौकट, तीच युक्ती. मग शेडमध्ये येऊन त्यांनी माझ्यातल्या चांगल्या, गाठ नसलेल्या फळ्या निवडल्या, कापल्या, रंधा मारला. कोपरे एकमेकांत अडकवून बसवले. तळाला जुन्या गोधडीचे तुकडे चिकटवले, म्हणजे जमिनीवर ठेवताना आवाज होऊ नये. वर कोर्टाच्या सेटवर होता तसाच गालिचा लावला. शेवटी ते स्वतः माझ्यावर चढले, नाचल्यासारखे पाय आपटले, आणि मी जरासुद्धा कुरकुरलो नाही. "पोरगं पक्कं झालंय," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. माझी जाहीर स्तुती म्हणाल तर ती तेवढीच.

सेटवर मला न्यायची एक पद्धत पडली. मिस्त्री मला काळ्या कापडाखाली घेऊन आले की लाइटवाले वर दिव्यांकडे बघायचे. कॅमेरामन काच पुसू लागायचा. दिग्दर्शक हातातली पटकथा उलटीसुलटी करायचे. धाकटे वाकून बुटाची नाडी बांधायचे, बांधलेली असली तरी. मी जागेवर बसलो, थोरले वर चढले, की मग सगळ्यांच्या माना पुन्हा सरळ. इतर नटांनी कुठे उभं राहायचं ते जमिनीवर खडूने आखलेलं असायचं. थोरल्यांच्या पायाशी खडूची रेघसुद्धा नाही, कारण रेघ मारायची तर माझ्याकडे बघावं लागलं असतं. सुरुवातीला मला याची मजा वाटायची. एवढी मोठमोठी माणसं माझ्या येण्याने अशी ओशाळी होतात, म्हणजे मी कोणीतरी असणार, असं मला वाटायचं. खोक्याच्या डोक्यात हवा जायला वेळ लागत नाही, आत जागाच जागा असते.

सेटवर माझं जग गुडघ्यापर्यंतचं; त्यावरचं जे सांगतो ते मागाहून मिस्त्रींकडून कळलेलं. चेहऱ्याने फसवणं हा तर त्या दोघांचा धंदाच होता, पण पायांना कोणी अभिनय शिकवलेला नव्हता. थोरले चढण्याआधी बुटाच्या टोकाने मला दोनदा हलकेच टकटक करायचे, कोणाच्या दारावर करावी तशी. ते दुसऱ्या कोणाला दिसत नसे. मग ते उभे राहायचे आणि त्यांच्यातला वकील त्यांच्या टाचांतून माझ्यात उतरायचा. आवाज जितका हळू, तितका अंगठ्याचा दाब जास्त. लोकांना वाटायचं, हा माणूस किती सहज बोलतो. ते सहज बोलणं किती जड होतं ते मी पेललंय. मला ते आवडायचे, मित्रांनो. लपवत नाही. त्या दोन टकटकींसाठी मी दिवसभर शेडमध्ये वाट बघायचो.

आणि धाकटे? ते समोर, जमिनीवर. प्रत्येक शॉटच्या आधी त्यांची उजवी टाच थरथरायची. एवढा धिप्पाड माणूस, देशभर ज्याच्या नावाने शिट्ट्या वाजायच्या, तो थोरल्यांसमोर घाबरायचा. कॅमेरा सुरू झाला की टाच थांबायची आणि खर्जातला आवाज असा यायचा की सेटवरचे पडदे हलावेत.

पण घाबरलेला माणूस कुरापती काढतो. थोरल्यांचं वाक्य सुरू झालं की नेमकी धाकट्यांना चष्मा पुसायची तलफ यायची. खिशातून रुमाल काढायचा, फुंकर मारायची, सावकाश पुसायचं. प्रेक्षकांची नजर साहजिकच तिकडे जाणार. थोरल्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि चष्मा पुसून होईपर्यंत नुसते बघत राहिले. धाकट्यांचा रुमाल खिशात गेल्यावर उरलेलं वाक्य पूर्ण केलं. सगळा सेट हसू दाबत होता. तो तुकडा सिनेमात तसाच आहे. जाणकार मंडळींनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले, गुरूची सहनशीलता वगैरे. सहनशीलता कसली, अंगठ्याने माझा गालिचा फाटायचा बाकी होता.

तरी एक दुपार अशी आली की दोघेही भांडण विसरले. गुरू शिष्याला विचारतो, "माझ्याकडून सगळं शिकलास, हरायचं कधी शिकलास का?" आणि शिष्याला उत्तर सुचत नाही. त्या शॉटला धाकट्यांनी काहीही केलं नाही. चष्मा नाही, रुमाल नाही. नुसते उभे राहिले. शॉट संपला. थोरले माझ्यावरून उतरले आणि जाता जाता धाकट्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "आज आलास तू." पुढच्या शॉटला टाच थरथरली नाही. मला वाटलं, झालं, आता या दोघांचं जमलं.

दुसऱ्या दिवशी धाकटे नवे बूट घालून आले. जाड तळवा, उंच टाच.

का, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित आदल्या दिवशीचं कौतुकच त्यांना झोंबलं असेल. 'आलास तू' म्हणजे याआधी नव्हतो की काय? थोरल्यांनी बूट पाहिले. त्या दिवशी ते मला टकटक न करताच वर चढले. खाली उतरल्यावर त्यांच्या मेव्हण्याला एवढंच म्हणाले, "आज समोरचं जरा उंच दिसतंय."

हा मेव्हणा म्हणजे थोरल्यांच्या बायकोचा भाऊ. त्यांचे कपडे, त्यांचा चहा, त्यांना कोण भेटणार आणि कोण नाही, सगळं त्याच्या ताब्यात. दाजींनी भुवई उचलली की हा धावत सुटायचा. शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कुठूनशी एक फळी घेऊन आला आणि माझ्या डोक्यावर ठोकून मोकळा झाला. वर पुन्हा गालिचा पसरला. खिळे वाकडे गेले. आणि फळी माझ्यापेक्षा लांब होती. मागच्या बाजूला चार बोटं बाहेर आली.

मिस्त्री मला न्यायला आले आणि जागीच थांबले. "अहो, हे कुणी ठोकलं?"

"मी. का?"

"मागून बाहेर आलंय बघा. त्या टोकावर टाच पडली की पुढून अख्खा खोका उचलणार. काढतो मी. नीट बसवून देतो, संध्याकाळपर्यंत थांबा."

"संध्याकाळपर्यंत दाजींनी काय करायचं? तोंड वर करून बोलायचं?"

"मग त्यांना निदान सांगा तरी. मागे सरकू नका म्हणावं."

"कशावरून सरकू नका?" मेव्हण्याने आवाज खाली आणला. "त्यांच्यापुढे हा विषय आजवर निघालेला नाही, मिस्त्री. मी काढणार नाही आणि तुम्हीही काढायचा नाही."

मिस्त्री दिग्दर्शकांकडे गेले. दिग्दर्शक म्हणाले, "लाइट लागलाय, दोघं तयार आहेत, दोघांचा मूड लागलाय. आत्ता एक अक्षर बोलू नका. शॉटनंतर बघू." मग मिस्त्री सरळ थोरल्यांसमोर जाऊन उभे राहिले. थोरले वकिलाचा काळा कोट चढवत होते. सेटवरच्या सगळ्या माना एकदम दिव्यांकडे वळल्या.

"काय रे मिस्त्री?"

मिस्त्रींच्या तोंडात त्या दिवशी खिळे नव्हते. तरीसुद्धा बोलायला त्यांना वेळ लागला. "काही नाही साहेब. जरा जपून."

"जपून कशाला? मला आज मरायचं नाहीये, फक्त हरायचंय," थोरले हसून म्हणाले आणि माझ्यावर चढले.

प्रसंग साधा होता. शिष्य खटला जिंकतो. रिकाम्या कोर्टात दोघेच उरतात. गुरू म्हणतो, "माझ्याकडचं संपलं. आता तू जा." शिष्य निघून जातो. तालमीत दोघेही जागचे हलले नव्हते. पण कॅमेरा सुरू झाला, थोरले "माझ्याकडचं संपलं" म्हणाले, आणि धाकटे एक पाऊल पुढे आले. पुढे बरेच जण म्हणाले की भावनेच्या भरात आले. मी ते बूट पाहिलेत. ते बूट भावनेच्या भरात नव्हते, सावकाश उचलले गेले आणि नेमके हवे तिथे टेकले. ठोकलेली फळी त्या बुटांच्या टाचेला पुरली नव्हती, आणि उंच माणूस एवढा जवळ आला की समोरच्याला मान वर करावीच लागते. थोरल्यांची मान वर जाऊ लागली. ती त्यांना वर करायची नव्हती. म्हणून त्यांची टाच मागे गेली.

टाच फळीच्या टोकावर पडली. मी पुढून उचलला गेलो. मित्रांनो, मी जोर लावला, सगळे सांधे आवळून धरले, पण खोक्याला हात नसतात.

मी कलंडलो आणि सेटवर पहिल्यांदा मला गुडघ्यांच्या वरचं दिसलं. धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांचा हात पुढे आला होता. तो हात खरा होता. त्यात ना चष्मा होता ना रुमाल. थोरल्यांनी तो हात येताना पाहिला, आणि पडता पडता उलट्या हाताने झिडकारून टाकला. वाचायचं नाही असं नव्हतं. याच्या हाताने वाचायचं नव्हतं.

ते खाली आदळले. हाड मोडल्याचा आवाज मी जवळून ऐकला. आणि तिथे जमिनीवर पडल्या पडल्या, धाकट्यांच्या डोळ्यांत बघत, त्यांनी उरलेलं वाक्य म्हटलं. "आता तू जा."

कॅमेरा चालूच होता. कॅमेरामन थोरल्यांबरोबर कॅमेरा खाली आणत होता. अजून एक क्षण, आणि मी चौकटीत आलो असतो, सगळ्या जगाने मला पाहिलं असतं. मिस्त्री सेटच्या भिंतीआड बसले होते. समोर माणूस पडला होता. कोणीही माणसाकडे धावला असता. पण मिस्त्रींचं सगळं आयुष्य सेटवर गेलं होतं. त्यांचे हात आधी माझ्याकडे आले. माझा कोपरा धरून त्यांनी मला खसकन भिंतीआड ओढलं. शॉट वाचवला.

आणि त्याच वेळी, कायम वर दिव्यांकडे बघणाऱ्या त्या सगळ्या माणसांनी आवाज ऐकून पहिल्यांदा खाली पाहिलं. त्यांना काय दिसलं? थोरले जमिनीवर आणि खोका मिस्त्रींच्या हातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या मॅनेजरने मिस्त्रींना बोलावलं. "सगळे म्हणतायत तू पायाखालून ओढलास."

"पडल्यावर ओढला, साहेब. फ्रेममध्ये येत होता. फळी मी ठोकलेली नाही, तिच्यामुळे कलंडला."

"मला काय माहीत? तिथे बघत कोण होतं? त्या दोघांशिवाय कोणी नाही." मॅनेजर माणूस वाईट नव्हता, त्याने डोकं खाजवलं. "थोरल्यांनी एक शब्द टाकला तर तू उद्यापासून कामावर. नाही तर या स्टुडिओत काय, कुठल्याच स्टुडिओत तुला कोणी खिळा ठोकू देणार नाही."

मिस्त्रींनी मला घरी आणलं आणि जुन्या चादरीत गुंडाळायला घेतलं. त्यांची बायको म्हणाली, "याला कशाला दवाखान्यात नेताय? लोक हसतील."

"फळी दाखवतो ना. खिळे बघितले की कळेल. माझ्या हातचे खिळे असे वाकडे जातात का?"

त्यांना खरंच वाटत होतं की खिळे बघून काम होईल. मलाही वाटत होतं. शिवाय मला त्या दोन टकटकींचा भरवसा होता.

दवाखान्याच्या खोलीत थोरले पलंगावर होते. पाय टांगलेला, टोकाला वजन. मेव्हणा संत्रं सोलत होता. आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत धाकटे बसले होते, पायात साध्या सपाट चपला. आम्ही दारात पोहोचलो तेव्हा दोघे हसत होते. मी त्यांना एकत्र हसताना कधीच ऐकलं नव्हतं.

"ये मिस्त्री, ये," थोरले म्हणाले. मिस्त्रींनी मला खाली ठेवलं आणि चादर सोडली.

हसणं थांबलं. मेव्हणा खिडकीबाहेर बघू लागला. धाकटे पंख्याकडे.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "माझं नाव कामावरून काढतायत. तुम्ही फक्त एवढं सांगा की मी हा तुम्ही पडल्यावर ओढला. बाकी कुणाचं नाव घेऊ नका. फळीचं पण राहू दे."

थोरल्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढे दिवस त्यांना पेललं, आणि समोरासमोर आम्ही पहिल्यांदा आलो. पांघरुणाखाली त्यांच्या चांगल्या पायाचा अंगठा हलला. मी ओळखला तो. अवघड वाक्याच्या आधी तो तसाच हलायचा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"साहेब, हा तुमचा... हा खोका."

"माझा?" ते अगदी हळू बोलले. "मी जमिनीवर उभा होतो, मिस्त्री. जन्मभर मी जमिनीवर उभं राहूनच काम केलंय." आणि मान धाकट्यांकडे वळवली. "काय रे? तू तर समोर होतास."

धाकट्यांची टाच थरथरू लागली. सपाट चपलेतली ती टाच फरशीवर टकटक वाजत होती, सगळ्यांना ऐकू येत होती. एक शब्द त्यांनी टाकला असता तरी चाललं असतं. पण तो शब्द म्हणजे खोका, खोक्यावरची फळी, आणि फळी कशामुळे आली तर ते बूट. आणि पुढे पडलेलं ते पाऊल.

"मी यांच्या डोळ्यांत बघत होतो, मिस्त्री," धाकटे म्हणाले. "खाली मला काही दिसलं नाही."

चित्रीकरण सुरू झाल्यापासून त्या दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, चहा गरम हवा की कोमट यावरसुद्धा नाही. या एका गोष्टीवर झालं. मला तिथल्या तिथे मोडून पडावंसं वाटलं.

मिस्त्रींनी चादरीची टोकं गोळा केली, मला पुन्हा गुंडाळलं, खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेले आणि वळले. "मी त्या दिवशी गप्प राहिलो ते तुमच्यासाठी, साहेब."

"गप्प राहा म्हणून मी सांगितलं होतं?" थोरले म्हणाले.

खरंच, सांगितलं नव्हतं. कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

पुढचं फार नाही. सिनेमा लागला आणि तुफान चालला. थोरल्यांचं ते पडणं, तो झिडकारलेला हात, जमिनीवरून म्हटलेलं ते वाक्य. लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जायचे. दोघांना पुरस्कार मिळाले, दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि पुन्हा कधी एका सिनेमात काम केलं नाही. थोरले काठी घेऊन चालू लागले. त्यातही लोकांना रुबाब दिसला. मिस्त्रींना स्टुडिओचं दार बंद झालं ते झालंच. ज्या हातांनी महाल उभे केले ते हात शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि मोडके पलंग दुरुस्त करू लागले. मला त्यांनी घरी ठेवून घेतलं. फळी उपटली, खिळ्यांची भोकं भरली, आणि मी घरातलं बसायचं आसन झालो. गालिच्याचा रंग गेला. एका कोपऱ्याला वाळवी लागली तेव्हा त्यांच्या बायकोने रॉकेल लावलं. "चुलीत घालायचा तर याला औषध कसलं करतेय मी," असं म्हणत म्हणत लावलं.

मग थोरले गेले. त्या आठवड्यात टीव्हीवर सगळीकडे तेच. एका संध्याकाळी धाकटे पडद्यावर आले. केस पांढरे, आवाज तोच खर्जातला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अर्थातच त्या प्रसंगाबद्दल विचारलं. धाकट्यांनी चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला, आणि म्हणाले, "त्यांनी माझा हात झिडकारला, ते ठरलेलं नव्हतं. अभिनयाच्या पलीकडचं होतं ते. त्या क्षणी आम्हा दोघांमध्ये तिसरं कोणी नव्हतं." समोरचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मिस्त्रींची बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "होतं की. बसलाय तुम्ही त्याच्यावर. बंद करा तो मेला टीव्ही."

"थांब. आता दाखवतील." मिस्त्री माझ्यावर बसल्या बसल्या पुढे झुकले. तो प्रसंग लागला. थोरले म्हणाले, "माझ्याकडचं संपलं." धाकटे पुढे आले. थोरले मागे गेले, पडले, कॅमेरा त्यांच्याबरोबर खाली आला. पण मिस्त्री थोरल्यांकडे बघत नव्हते आणि धाकट्यांकडेही नाही. त्यांचे डोळे पडद्याच्या खालच्या काठावर होते. प्रसंग संपला तसे ते मागे झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं असं समाधान आलं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "कुठे दिसला का खोका? काडीसुद्धा आली नाही फ्रेममध्ये. काय साफ ओढला होता मी!"

ती भाजीचं ताट उचलून आत निघून गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी सांगायचं असतं की जुन्या वस्तूंना टाकू नका, त्यांची निगा राखा. मला तसलं काही नको. वाळवीने माझं काय करायचं ते ती करीलच. मागणं एकच आहे. कोणी तुमची लाज राखायला गप्प बसलं असेल, तर त्याच्यावर वेळ येईल तेव्हा तुम्ही बोला. चादरीत खोका गुंडाळून त्याला तुमच्या दारात यायला लावू नका. आणि आलाच, तर पंख्याकडे बघू नका.